सही कुणाची ते नंतर, आधी कागद वाचा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्याकडे दोन वस्तू आहेत. एक, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचा 9 ऑगस्ट 1974 चा एका ओळीचा राजीनामा, खाली सही. दुसरी, हिटलरचा शस्त्रास्त्रमंत्री आल्बर्ट श्पेअर याचा पोस्टकार्डाएवढा फोटो, त्यावर निळ्या शाईत सही. दोन्ही लिलावात घेतल्या, दोन्हींसोबत प्रमाणपत्र आलं. आता वादग्रस्त राजकारण्यांची सही केलेली पत्रं आणि फोटो असा संग्रहच करायचं मनात आहे. पण खरं-खोटं कसं ओळखायचं आणि काय घ्यायचं हे उमगत नाही, आणि घरचे म्हणतात, ‘असल्या माणसाचं तोंड घरात नको.’

घरच्यांचं पुढे बघू. आधी राजीनामा.

मूळ राजीनामा एकच आहे. परराष्ट्रमंत्र्यांना उद्देशून लिहिलेला तो कागद अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. सकाळी 11.35 ला तो मिळाल्याची नोंद आणि परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांची आद्याक्षरं त्यावर आहेत. तो कधी विक्रीला येणार नाही. तुमच्याकडे आहे ती नंतरची स्मरणप्रत. पद सोडल्यानंतर निक्सन यांनी संग्राहकांसाठी राजीनाम्याच्या मजकुराच्या छापील प्रतींवर सह्या केल्या आणि त्या बाजारात बऱ्यापैकी फिरतात. म्हणून तुमची वस्तू खोटी ठरत नाही. सही खरी असेल तर ती निक्सन यांचीच, फक्त ती ज्या कागदावर आहे तो त्या दिवशीचा नाही. विकणाऱ्याने ‘स्मरणप्रत’ असं स्पष्ट लिहिलं असेल तर व्यवहार सरळ झाला. ‘निक्सन यांचं राजीनामापत्र’ एवढंच मोघम लिहून सोडलं असेल, तर पुढच्या वेळी त्या विक्रेत्याचं वर्णन दोनदा वाचा.

श्पेअरच्या फोटोची गोष्ट याहून मोठी आहे, आणि माझं या छंदाबद्दलचं जे काही मत आहे ते तिच्यातूनच सांगता येईल. वीस वर्षांची शिक्षा भोगून हा माणूस 1 ऑक्टोबर 1966 ला श्पांडाऊच्या तुरुंगातून सुटला आणि 1981 मध्ये वारला. मधल्या पंधरा वर्षांत त्याने पुस्तकं लिहिली, मुलाखती दिल्या आणि अनोळखी लोकांच्या पत्रांना उत्तरं पाठवली. फोटोवर सही मागितली की मिळायची. त्यामुळे त्याच्या सह्या मुबलक आहेत आणि तुमची सही खरी असण्याची शक्यता चांगली आहे. जी सही सहज मिळते तिची नक्कल करण्यात बनावटखोराला फारसा फायदा नसतो. पण ही उदारता कशासाठी होती तेही बघा. ‘मी जबाबदारी मान्य करतो, पण ज्यूंच्या संहाराचं मला नेमकं माहीत नव्हतं’ हे त्याचं जाहीर म्हणणं होतं. नम्र उत्तरं आणि सहीचे फोटो त्याच प्रतिमेला हातभार लावत होते.

आता दुसरा कागद बघा. 6 ऑक्टोबर 1943 ला नाझींच्या एसएस दलाचा प्रमुख हिमलर याने पोझेन इथे नाझी पुढाऱ्यांसमोर ज्यूंच्या संहाराबद्दल उघडउघड भाषण केलं. ‘मी त्या वेळी तिथे नव्हतो, आधीच निघून गेलो होतो,’ हे श्पेअर जन्मभर जाहीरपणे सांगत राहिला. त्याच श्पेअरने डिसेंबर 1971 मध्ये एलेन जांती या बाईंना लिहिलेल्या पत्रात आपण हजर होतो हे कबूल केलं. त्या एका बेल्जियन प्रतिकार चळवळीतल्या नेत्याच्या विधवा. हा पत्रव्यवहार 2007 मध्ये लंडनला लिलावात आला तेव्हा ही गोष्ट जगासमोर आली. सही तीच, माणूस तोच. तुमच्या फोटोत त्याला जगाला जे दाखवायचं होतं ते आहे, आणि त्या पत्रात जे लपवायचं होतं ते. सहीच्या नमुन्याने बघितलं तर दोन्ही सारखेच, पण संग्राहक म्हणून माझ्या लेखी त्या पत्रापुढे असे ढीगभर फोटो काहीच नाहीत.

म्हणून काय घ्यावं, याचं माझं उत्तर एका शब्दात: मजकूर. वादग्रस्त माणूस ज्या गोष्टीमुळे वादग्रस्त ठरला, त्या गोष्टीला हात घालणारा कागद शोधा, मग तो दिसायला कितीही साधा असो. हिटलरने 16 सप्टेंबर 1919 ला गेम्लिख नावाच्या माणसाला लिहिलेलं पत्र, म्हणजेच गेम्लिख पत्र, हे याचं टोकाचं उदाहरण. टाइप केलेलं, सही असलेलं, दिसायला कुठल्याही कचेरीतलं वाटावं असं. तो तेव्हा लष्करात होता, नाव कुणाला माहीत नव्हतं. पण ज्यूंबद्दलची त्याची भूमिका लेखी स्वरूपात पहिल्यांदा सापडते ती या पत्रात. युद्ध संपताना एका अमेरिकन सैनिकाला ते मिळालं, आणि 2011 मध्ये सायमन विझेन्थाल सेंटर या ज्यू मानवाधिकार संस्थेने ते दीड लाख डॉलरला विकत घेतलं. सत्तेच्या शिखरावरचे, गरुडाचं लेटरहेड असलेले, नेमणुकांवर सही केलेले त्याचे कागद पुष्कळ आहेत. चकचकीतही आहेत. वाचायला मात्र त्यात काही नाही.

एवढ्या वरच्या पातळीवर आपल्यापैकी कुणी खरेदी करत नाही, पण तत्त्व खालीही तेच. जॉर्ज वॉलेस घ्या. अमेरिकेतल्या अलाबामा राज्याचे गव्हर्नर, जानेवारी 1963 च्या शपथविधीच्या भाषणात वंशभेद कायम राहील असं गर्जून सांगणारे, त्याच वर्षी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवायला विद्यापीठाच्या दारात उभे राहणारे. 15 मे 1972 ला गोळीबारात कमरेखाली अपंग झाले, आणि पुढे आपल्या जुन्या भूमिकेबद्दल त्यांनी माफी मागितली. त्यांचा हसऱ्या चेहऱ्याचा सहीचा फोटो आरामात मिळतो. त्याऐवजी 1963 च्या सुमाराचं, शाळांतल्या वंशभेदाच्या प्रश्नावर एखाद्या मतदाराला गेलेलं उत्तर आणि उतारवयातलं एखादं पत्र अशी जोडी जमवली, तर दोन कागदांत माणसाचा सगळा प्रवास येतो. अशा जोड्या जमवण्यात मला स्वतःला सगळ्यात जास्त गोडी आहे.

आता सही खरी की खोटी. राजकारण्यांच्या बाबतीत बनावटखोर हा चौथ्या क्रमांकाचा शत्रू आहे. त्याच्याआधी सचिव, यंत्र आणि छापखाना येतात, आणि तिघंही अधिकृतपणे काम करत असतात. मोठ्या कचेरीत दिवसाला शेकडो पत्रं बाहेर पडतात. साहेबांची सही हुबेहूब करणारं कुणीतरी तिथे असतंच. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या नावाने गेलेल्या पत्रांत सचिवांनी केलेल्या सह्या आणि यंत्राच्या सह्या इतक्या आहेत, की चार्ल्स हॅमिल्टन या जाणकार विक्रेत्याने 1965 मध्ये त्यावर वेगळा अभ्यासच प्रसिद्ध केला.

सहीचं यंत्र, म्हणजे ऑटोपेन, ओळखायला तसं सोपं आहे. खऱ्या सहीचा साचा करून यंत्रात बसवतात आणि यांत्रिक हात पेन उभं धरून तो गिरवतो. माणूस सही करतो तेव्हा पेन कागदावर उतरतं आणि उठतं ते चालत्या हातानेच, त्यामुळे सुरुवात आणि शेवट निमुळते असतात, वळणावर दाब बदलतो. यंत्र आधी पेन टेकवतं, मग हलवतं. म्हणून दोन्ही टोकांना शाईचा ठिपका दिसतो, रेषा सगळीकडे सारख्या जाडीची असते आणि सरळ जायला हवी तिथे बारीकशी थरथरते. दहापट भिंगाखाली हे स्पष्ट कळतं. दुसरी परीक्षा म्हणजे सही एकावर एक ठेवून बघणं. कुठल्याही माणसाच्या दोन सह्या तंतोतंत जुळत नाहीत. दोन जुळल्या तर यंत्र तरी आहे किंवा छपाई तरी. उलट बाजू मात्र खरी धरू नका. एका नेत्याचे अनेक साचे असू शकतात, त्यामुळे ‘माझी सही कुठल्याच ज्ञात साच्याशी जुळत नाही’ हा अस्सलपणाचा पुरावा होत नाही. विक्रेते हे वाक्य फार टाकतात.

इथे एक आडवळण घेतो. यंत्राची सही म्हणजे कचरा, असं संग्राहक सर्रास मानतात. मला ते सरसकट पटत नाही. अमेरिकेचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांच्या नावाने इराक युद्धात मारल्या गेलेल्या सैनिकांच्या घरी सांत्वनाची पत्रं जात होती. त्यांवरच्या सह्या यंत्राने केलेल्या आहेत हे 2004 मध्ये बाहेर आलं, गदारोळ झाला, आणि ‘यापुढे मी स्वतः सह्या करीन’ असं त्यांना जाहीर करावं लागलं. अशा एखाद्या पत्रावरची सही खोटी आहे, आणि नेमकं तेच त्या कागदाचं महत्त्व. तो कधी कुणा कुटुंबाने स्वेच्छेने एखाद्या संग्रहालयाला दिला तर तिथे बघावा. बाजारात शोधत मात्र जाऊ नये. 2011 मध्ये ओबामा फ्रान्समध्ये असताना दहशतवादविरोधी पेट्रियट कायद्याच्या मुदतवाढीवर त्यांच्या सांगण्यावरून यंत्रानेच सही झाली होती, म्हणजे हे प्रकरण फक्त चाहत्यांच्या फोटोंपुरतं राहिलेलं नाही.

छापील सही सगळ्यात सोपी. भिंगाखाली शाई कागदाच्या वर बसलेली दिसत नाही, रंगाचे ठिपके दिसतात किंवा सही आणि फोटो एकाच पातळीवर, एकाच चकाकीचे असतात. फोटो तिरका धरून दिव्याखाली फिरवा. पेनाने केलेली सही गडद भागावरून जाताना वेगळी चमकते, छापलेली चमकत नाही.

राहिले खरे बनावटखोर. वादग्रस्त माणसांकडे ते ओढले जातात, कारण तिथे घेणाऱ्याची उत्कंठा इतकी तीव्र असते की तो प्रश्न कमी विचारतो. 25 एप्रिल 1983 ला जर्मनीच्या ‘श्टर्न’ साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिश्या सापडल्याचं जाहीर केलं. त्यांसाठी त्यांनी सुमारे 93 लाख मार्क मोजले होते. त्या लिहिल्या होत्या कोनराड कुयाउ नावाच्या बनावटखोराने. कागद जुना दिसावा म्हणून तो पानांवर चहा ओतायचा. दोन आठवड्यांच्या आत जर्मन अभिलेखागाराने सगळं खोटं ठरवलं, कारण कागदात आणि बांधणीत युद्धानंतरची द्रव्यं निघाली. पण यातला शिकण्यासारखा भाग वेगळाच आहे. त्याआधी हस्ताक्षरतज्ज्ञांनी त्याच रोजनिश्यांना पसंती दिली होती. असं झालं, कारण ‘हिटलरचे अस्सल नमुने’ म्हणून त्यांच्यापुढे ठेवलेल्या कागदांतही कुयाउनेच केलेले कागद मिसळलेले होते. बनावटाची तुलना बनावटाशी झाली आणि अर्थातच दोन्ही एकाच हातचे निघाले! गंमत म्हणजे ‘संडे टाइम्स’ हे लंडनचं वृत्तपत्र या फशी पडणाऱ्यांत होतं, आणि त्याच वृत्तपत्राने 1960 च्या दशकात मुसोलिनीच्या रोजनिश्याही घेतल्या होत्या, ज्या इटलीतल्या पानविनी मायलेकींनी बनवल्या होत्या.

म्हणून तुलनेसाठी नमुने घ्यायचे ते अभिलेखागारांतून किंवा सरकारी संग्रहांतून. लिलावाच्या संकेतस्थळावरचे फोटो नमुना म्हणून वापरू नका, त्यांतले काही स्वतःच संशयित असतात. आणि नमुना त्याच काळाचा हवा. सही वयाबरोबर बदलते, पदाबरोबर तर फारच. निवडणूक लढवणारा उमेदवार प्रत्येक अक्षर सुटं काढतो, सत्तेत पाच वर्षं गेली की त्याची एक नागमोडी रेघ होते. तरुणपणाच्या तारखेच्या पत्रावर म्हातारपणीची सही असेल तर तिथेच थांबा.

तारखेवरून आठवलं. बनावट पकडण्यात हस्ताक्षरापेक्षा साध्या तारखा जास्त उपयोगी पडतात. 1990 च्या दशकात केनेडींचे म्हणून काही सनसनाटी कागद लाखो डॉलरना विकले गेले. लेक्स क्युझॅक नावाच्या माणसाने आपल्या वकील वडिलांच्या दप्तरात ते सापडल्याचं सांगितलं होतं. त्यातल्या 1961 च्या एका पत्रावर पत्त्यात झिप कोड, म्हणजे अमेरिकेतला पिनकोड, होता, आणि झिप कोड सुरू झाला 1963 मध्ये. 1999 मध्ये त्याला शिक्षा झाली. अशा तारखांची एक यादी डोक्यात ठेवा. बॉलपेन अमेरिकेत दुकानांत आलं ऑक्टोबर 1945 मध्ये, म्हणून 1938 च्या फोटोवर बॉलपेनची सही दिसली तर एक तर ती नंतर केलीय किंवा कुणीतरी दुसऱ्याने केलीय. फेल्ट टोकाचे जाड मार्कर बाजारात सर्रास आले ते 1950 च्या दशकात. गोळ्यावर अक्षरं असलेला आयबीएम सिलेक्ट्रिक टंकयंत्र 1961 पासूनचा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची द्रव्यं साधारण 1950 नंतरची, ती अतिनील दिव्याखाली निळसर चमकतात. त्यामुळे युद्धकाळातला म्हणून दिलेला कागद किंवा फोटोची पाठ अंधारात त्या दिव्याखाली झगझगीत उजळली तर पुढे बोलायची गरज नाही. हा दिवा स्वस्त असतो आणि कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा खरं बोलतो.

टाइप केलेलं पत्र हातात आलं की मी आधी सहीकडे बघतच नाही. पत्र उलटं करतो. टंकयंत्राचा ठसा पाठीमागे जाणवतो, पूर्णविराम तर बोटाला लागतात. लेसर प्रिंटरचा कागद पाठीमागून गुळगुळीत असतो. मग खालचा डावा कोपरा. इंग्रजी कार्यालयीन पत्रांत तिथे अनेकदा आद्याक्षरं असतात, मजकूर सांगणाऱ्याची मोठ्या अक्षरांत, टाइप करणाऱ्या व्यक्तीची लहान अक्षरांत. सांगणारा म्हणून साहेबांऐवजी भलत्याच कुणाची आद्याक्षरं असली, तर मजकूर साहेबांचा नाही, सहीबद्दलही शंका घ्या. त्यानंतर घडी. पत्र सही करून मग घडी घालून पाकिटात जातं. त्यामुळे घडीची रेघ सहीतून जात असेल तर शाई घडीवर तुटलेली, झिजलेली दिसते. उलट जुन्या घडीवर आज सही केली, तर तुटलेल्या तंतूंमध्ये शाई शोषली जाते आणि घडीच्या कडेने बारीक फाटे फुटतात. भिंगातून हा फरक एकदा बघितलात की विसरणार नाही. सगळ्यात शेवटी सही, आणि तीसुद्धा उलटी धरून, म्हणजे नाव वाचलं जात नाही, नुसत्या रेषा दिसतात. कुठे हात अडखळला, कुठे पेन विनाकारण उचललं, कुठे रेघ पुन्हा गिरवली ते तेव्हा उठून दिसतं.

पाकीट असेल तर ते कधीही टाकू नका आणि विक्रेत्याकडे आवर्जून मागा. टपालाचा शिक्का, तारीख, पत्ता हे सगळं खोटं करणं सहीपेक्षा कठीण आहे. आणि कोऱ्या कागदावरच्या जुन्या सहीच्या वर नंतर मजकूर टाइप केल्याचेही प्रकार असतात. मजकूर सहीच्या अंगावर आल्यासारखा दाटीवाटीने संपत असेल, किंवा शेवटच्या दोन ओळींतलं अंतर आखडलं असेल, तर हा संशय घ्यायचा.

तुमच्या दोन्ही प्रमाणपत्रांबद्दल फार लिहीत नाही. प्रमाणपत्र म्हणजे कुणाचंतरी मत. ते कुणी दिलं, वस्तू खोटी निघाली तर पैसे कोण आणि किती वर्षांपर्यंत परत करणार, हे बिलावर लिहिलेलं नसेल तर त्या मताला बाजारात किंमत नाही. मालकी कुणाकडून कुणाकडे गेली याची कागदोपत्री साखळी हवी: जुनी बिलं, लिलावाची जुनी यादी, ज्याला पत्र आलं त्याच्या घरच्यांचं लेखी निवेदन. ‘आजोबांनी युद्धावरून आणलं’ ही गोष्ट खरीही असते, गेम्लिख पत्राच्या बाबतीत होतीच. पण तोंडी गोष्ट ही गोष्टच.

साखळी मागण्याचं दुसरंही कारण आहे. चोरी. बॅरी लँडाऊ हा अमेरिकन राष्ट्राध्यक्षांच्या वस्तूंचा जाणकार म्हणून मिरवणारा माणूस 2011 मध्ये मेरीलँडच्या ऐतिहासिक संस्थेत कागद चोरताना साथीदारासह पकडला गेला. घरात हजारो कागद सापडले, अनेक संस्थांमधून उचललेले. 2012 मध्ये त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. मधल्या काळात असे कागद ज्यांनी सरळ मनाने घेतले, त्यांच्या हातून ते परत जातात. कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेला आणि खोडलेला क्रमांक, घासून काढलेला शिक्का, कापलेली कड, दोन छिद्रं असलेलं सरकारी दप्तरातलं पान, हे सगळं दिसलं की विचारा. खासगी पत्र आणि सरकारी कागद यांत फरक करायला शिका. मंत्र्याने मतदाराला पाठवलेलं पत्र मतदाराचं झालं. मंत्रालयाच्या फायलीतली टिप्पणी मात्र सरकारची, आणि सरकार ती पन्नास वर्षांनीही परत मागू शकतं.

हयात नेत्यांना पत्र पाठवून सही मिळवायचा मार्गही आहे. पदावर असताना लिहिलंत तर बहुतेक वेळा यंत्राची सही किंवा छापील फोटो येतो. निवडणूक हरल्यावर, राजीनाम्यानंतर, निवृत्तीत लिहा. तेव्हा टपाल कमी असतं आणि माणसाकडे वेळ असतो. नुसती सही मागू नका. त्यांच्या एखाद्या ठरावावर, एखाद्या मतदानावर नेमका, सभ्य, एक प्रश्न हाताने लिहून विचारा. दहातल्या बहुतेकांचं उत्तर येणार नाही, पण जे येईल त्यात मजकूर असेल, आणि पाकिटासकट साखळी तुमच्यापासूनच सुरू होईल. खोटी स्तुती किंवा खोटा अनुयायीपणा पत्रात घालू नका. तुमचं पत्रही त्यांच्या दप्तरात राहतं.

कायद्याचं आपापल्या देशापुरतं बघून घ्या. जर्मनीत दंडसंहितेचं कलम 86अ नाझी चिन्हांच्या जाहीर प्रदर्शनाला आणि प्रसाराला मनाई करतं, संशोधन आणि शिक्षणाला सूट देतं. म्हणजे अडचण सहीची नसून लेटरहेडवरच्या चिन्हाची असते. फ्रान्सच्या न्यायालयात 2000 मध्ये याहूविरुद्ध नाझी वस्तूंच्या लिलावावरून निकाल गेला, आणि 2001 मध्ये याहू आणि ईबे दोघांनीही असे लिलाव बंद किंवा मर्यादित केले. त्यामुळे असा माल आडमार्गाने फिरतो, आणि आडमार्गावर बनावट जास्त.

शिवाय कागद तुमचा असला तरी त्यातल्या मजकुराचा प्रताधिकार लिहिणाऱ्याकडे किंवा वारसांकडे राहतो. संपूर्ण पत्राचं छायाचित्र इंटरनेटवर टाकण्याआधी हे लक्षात घ्या. सहीचा स्वच्छ, मोठा स्कॅन तर टाकूच नका, बनावटखोरांना सरावाला तोच हवा असतो.

आता घरचे. त्यांचा आक्षेप मला बिनबुडाचा वाटत नाही. भिंतीवर फ्रेम करून लावलेला फोटो हा सन्मानच असतो, तुमच्या मनात काहीही असो. येणाऱ्या-जाणाऱ्याला तुमचं मन दिसत नाही, भिंत दिसते. मी यातला एकही फोटो कधी भिंतीवर लावलेला नाही. पेटीत, पाकिटात, आणि त्या माणसाने जे केलं त्याच्या कागदांसोबत. श्पेअरच्या फोटोसोबत 1971 च्या त्या पत्राबद्दलची बातमी छापून ठेवा, त्याच पाकिटात. पैसा कुणाला जातो हेही विचारात घ्या. विक्रेता इतिहासाचा व्यापारी आहे की त्या विचारांचा भक्त, हे त्याच्या यादीवरून दोन मिनिटांत कळतं, आणि भक्ताकडून मी काहीच घेत नाही. 2019 मध्ये म्युनिकच्या लिलावात हिटलरच्या वस्तू आल्या, तेव्हा अब्दल्ला शातिला या लेबनॉनमध्ये जन्मलेल्या उद्योजकाने त्याची टोपी आणि इतर वस्तू घेऊन ज्यू संस्थेला देऊन टाकल्या, कारण त्या भक्तांच्या हाती जाऊ नयेत असं त्यांना वाटलं. सगळ्यांनी असंच करावं असं नाही, पण तुमच्यानंतर हा संग्रह कुठे जाईल हे आत्ताच लिहून ठेवलंत तर घरचे निम्मे शांत होतील. विद्यापीठं आणि अभिलेखागारं मजकूर असलेली पत्रं आनंदाने घेतात. सहीचे फोटो सहसा नको म्हणतात, यातूनही काय ते समजा.

साठवणीचं थोडक्यात. पीव्हीसीचे पारदर्शक कव्हर नकोत, ते कागदाला चिकटतात आणि आम्ल सोडतात. पॉलिएस्टरचे घ्या. आम्लरहित कागदाचे फोल्डर, 35 ते 50 टक्के आर्द्रता, उन्हापासून दूर. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी कधीच नाही, दुरुस्तीसाठीसुद्धा नाही. मार्करची सही प्रकाशात सगळ्यात आधी उडते. वस्तूवर काहीही लिहू नका, नोंद पाकिटावर पेन्सिलने: कुणाकडून, कधी, कशाच्या आधारावर खरी मानली.

तुमच्या राजीनाम्याच्या पाकिटावर ‘स्मरणप्रत, सही 1974 नंतरची’ असं लिहा, म्हणजे उद्या तुमच्या मुलांना कुणी फसवणार नाही आणि तीही कुणाला फसवणार नाहीत. पुढचं पत्र घेण्याआधी त्या नेत्याचे कागद ज्या अभिलेखागारात आहेत तिथे ईमेल करा: या तारखेच्या आसपास या व्यक्तीला गेलेल्या पत्राची कार्बन प्रत तुमच्याकडे आहे का. मोठ्या नेत्यांच्या दप्तरात ती पुष्कळदा असते आणि मजकूर ओळीन्ओळ ताडून बघता येतो. प्रत मिळाली तर सगळ्या प्रमाणपत्रांचं काम झालं. उत्तर यायला काही आठवडे लागतात. लिलाव त्याआधी असेल, तर ती वस्तू जाऊ द्या.